पाच आला की शिडी

११ फेब्रुवारी

पोचले एकदाची! एका हातात ट्रंक, काखेत उशी, केसांत वाटेवरची धूळ, असा माझा अवतार. आणि काकू धावत बाहेर आल्या त्या थेट माझी ट्रंक उचलायला. म्हणाल्या, या मावशी, किती वाट बघायला लावलीत. तेवीस वर्षं इस्पितळाच्या फरश्या पुसल्या मी, पण माझं सामान आजवर कुणी उचललं नव्हतं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

घर टेकाडावर, एकटंच. तीन बाजूंना समुद्र, चौथीकडे रस्ता, तोही फाटकापाशी वाळूत संपतो. शेजारचं घर दिसतं, पण हाक मारली तर ऐकू जाणार नाही इतकं लांब. मला काय त्याचं! भावाकडे शेजार भिंतीला भिंत लावून होता, म्हणून काय भावजय मला तोंड भरून बोलायची थांबली? निघताना उंबऱ्यात उभी राहून सांगून आलेय, मेले तरी या दाराशी परत यायची नाही. इथे मला स्वतःची खोली आहे. खिडकी आहे, आतून लावायची कडी आहे, भिंतीतलं कपाट आहे. बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या खोलीची किल्ली हातात पडली. ती उशीखाली घेऊनच झोपणार.

घरात माणसं तीन. काकूंचं बोलणं मऊ, कानाला बरं वाटतं. काका निवृत्त झालेत. वजनकाटे आणि मीटर खरे बोलतात की खोटे, हे तपासायच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलं त्यांचं. आकड्याशिवाय बोलत नाहीत. चहा किती गरम, वारा किती जोराचा, सगळ्याचा आकडा तयार. तासाभरातच मी मनात त्यांचं नाव आकडेमास्तर ठेवून टाकलं. तिसरी त्यांची लेक, ताई. चौतिशीची पोर, फुप्फुसं निकामी, आतल्या खोलीत पडून असते. रात्रंदिवस ऑक्सिजनचं मशीन चालू. ते बंद पडलं की पोर गेली, इतकं सरळ आहे.

आणि मशीन चालतं छपरावरच्या सोलरवर. विजेची तार या घरात नाही. म्हणजे होती, पण मीटर जास्त पळतं म्हणून काका ऑफिसशी दोन वर्षं भांडले आणि शेवटी तारच तोडायला लावली. खोटा आकडा घरात नको, म्हणाले. मला हसू आलं, पण चेहरा सरळ ठेवला. आता खाऱ्या हवेत त्या काचा रोज पुसणं हे माझं काम. फरशी काय आणि काच काय, मला डाग दिसला की हात शिवशिवतात.

१२ फेब्रुवारी

आज शिकवणी झाली. जनरेटर मागेच गंजून मेला, खिडकीच्या बिजागऱ्या सुजल्यात, कुलपं फिरत नाहीत. इथली हवा सगळं खाते. काचांवर एका रात्रीत मिठाचा पापुद्रा धरतो. बोटानं रेघ ओढली की बोट खारट. वर पक्ष्यांची शिट, ती उन्हात वाळली की सिमेंट होते.

काचा चोवीस, उतरत्या पत्र्यावर. बाराची एक ओळ वर, बाराची खाली, मधे चालायला एक फळी. काका म्हणाले, प्रत्येक ओळ माळेसारखी एकात एक जोडलीय; एका काचेवर सावली पडली की अख्खी ओळ बसते. एक पान पडून राहिलं तरी ताईच्या श्वासातून वजा होतं, असं ते म्हणाले. मी मान डोलावली.

पुसायचं ते सूर्य वर यायच्या आत. काच तापल्यावर गार पाणी टाकलं तर तडकते. पाणी टँकरचं गोडं, पंपानं छपरावरच्या पिंपात चढवलेलं; विहिरीचं मचूळ चालत नाही. साबण नाही, मऊ ब्रश, लांब दांडा. हातातल्या बांगड्या काढायच्या, ओरखडा नको. फोन खाली घरात ठेवून जायचा, पडला तर काच गेली. मी पण त्यांना एक शिकवलं. ब्रश मागे-पुढे घासायचा नाही, वरून खाली एकाच दिशेनं न्यायचा, नाहीतर मळ नुसता जागा बदलतो. काकांनी ते लिहून घेतलं हो! तेवीस वर्षांत माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं.

वर जायला जिना नाही. मागच्या भिंतीला शिडी लावायची, दोन मजले उंच. मी चढले की काका शिडी काढून आडवी ठेवतात, वाऱ्यानं पडते म्हणून. दहा वाजता आत इन्व्हर्टरच्या पडद्यावर पाच, म्हणजे पाच किलोवॅट, आला की काच स्वच्छ झाली असं समजायचं. मग ते खालून ओरडून आकडा सांगणार, मी वहीत लिहिणार, आणि शिडी लागणार. पाच आला की शिडी. इतका वेळ वर काय करू विचारलं, तर काकूंनी दोरीला बादली बांधून वर चहा पाठवला. समुद्र बघत बादलीतला चहा! भावजयीनं बघायला हवं होतं.

वही काकूंनीच दिली, पेन्सिल दोरीनं बांधलेली. पुढची काही पानं कुणीतरी फाडलीत. आकडे पुढून लिहिते, माझं हे मागून. छपरावर घालायला रबरी तळाच्या सपाताही दिल्या. आधी जी बाई होती, तिच्या. घातल्या तर टाचेचा खळगासुद्धा माझ्या टाचेला बसला. काकू म्हणाल्या, बघा, तुमच्याच मापाच्या.

आजचा आकडा ५.१.

१५ फेब्रुवारी

ताईशी गट्टी जमली. तोंडावर मास्क, दोन शब्द बोलली की दम लागतो, पण पोरगी महा खट्याळ. काकांची नक्कल नुसत्या भुवयांनी करते. दुपारी मी तिच्या केसांना तेल लावते. ती मला आधीचीच्या गोष्टी सांगायला लागली, पण काकू आत आल्या तसे तिनं डोळे मिटून घेतले.

तिची खोली नेमकी खालच्या ओळीच्या खाली, मधे नुसता पत्रा. आम्ही एक खूण ठरवलीय. मी वर असताना ती चमच्यानं स्टीलच्या पेल्यावर दोनदा वाजवते, म्हणजे बरी आहे. मी ब्रशच्या दांड्यानं पत्र्यावर दोनदा वाजवते, म्हणजे मी पण. काका विचारत होते, कसला आवाज तो. मी म्हटलं, पक्षी असतील. ताई मास्कच्या आत हसत होती.

१८ फेब्रुवारी

आज माझ्या हातून गाढवपणा झाला. गोडं पाणी संपत आलं होतं, टँकर तीन दिवसांनी, म्हणून मी शहाणपणा करून विहिरीचं दोन बादल्या मचूळ मारलं. वाळल्यावर काचांवर पांढरे ठिपके, जसे पिठाचे हात लागलेत. दहाला आकडा ४.६. काका खालून म्हणाले, पाच नाही. मी म्हटलं, बरं, उद्या बघते, शिडी लावा. ते आत निघून गेले.

मला वाटलं ऐकू गेलं नसेल. हाका मारल्या. काकू अंगणात आल्या, वर बघून गोड हसल्या आणि म्हणाल्या, मावशी, थोडंसंच राहिलंय, तेवढं करून टाका. ऊन वर आलेलं, काचा तापलेल्या, पाणी टाकायची सोय नाही. ओल्या फडक्यानं एक एक ठिपका पुसत बसले. साडेबाराला पाच आला. शिडी लागली. खाली काकूंनी पंखा घातला मला, पाय चेपून देऊ का विचारलं. माझी जीभ शिव्या द्यायला वळवळत होती, पण खोलीच्या किल्लीकडे बघितलं आणि गिळलं. चूक तर माझीच होती ना.

१९ फेब्रुवारी

खालच्या ओळीत सातव्या काचेवर मिठाचा थर सगळीकडे होता, फक्त दोन जागी नव्हता. ताटाएवढी एक जागा, खाली तशीच दुसरी. मांजर बसलं असेल म्हटलं. पण मांजर वर येईल कुठून? दोन मजले सरळ भिंत आहे.

पुसून टाकलं. ५.०.

२६ फेब्रुवारी

मांजर नाही.

रोज त्याच जागी, रोज थोडं मोठं. सातव्या काचेवरून आठव्या काचेवर गेलंय. आज पहाटे बघितलं तर खांदा, कंबर, गुडघ्यात मुडपलेला पाय. कुणी कुशीवर झोपून उठून गेलं, की अंथरुणात जसं उमटतं, तसं. मीठ सगळीकडे पडलंय आणि तेवढ्या जागी पडायला कुणीतरी आड आलंय.

काकांना सांगितलं. त्यांनी विचारलं, त्या जागी मीठ जास्त आहे की कमी. म्हटलं, अजिबात नाही. मग चांगलंच आहे की, म्हणाले, तेवढी जागा आयती स्वच्छ. वर येऊन बघा म्हटलं तर म्हणाले, बघायचं कशाला, आकडा सांगेल. हा माणूस स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, माझ्यावर काय ठेवणार!

आकडा ४.४. काचा आरशासारख्या होत्या. मी माझ्या कामाची शपथ घेऊन सांगते, डाग नव्हता. शिडी एक वाजता लागली, तीही आकडा आला म्हणून नाही, ताईला उचलून बसवायला माणूस हवं होतं म्हणून.

३ मार्च

आज अकरा वाजता हात लावून बघितला. बाकीच्या काचा तव्यासारख्या, बोट टेकवत नव्हतं. सातवी आणि आठवी मात्र गार. सगळी नाही, तेवढ्याच आकाराची. भर उन्हात तिथे सावली पडली होती, आणि सावली पाडायला वर काहीच नव्हतं.

हात झटकन मागे घेतला. इस्पितळात मी मेलेल्यांच्या खोल्या एकटीनं धुतल्यात, मला भित्री म्हणायची कुणाची छाती नाही. पण फळीवर बसून माझे दात वाजत होते.

३.९. बॅटऱ्या रात्री पुऱ्या पडल्या नाहीत. पहाटे दोन तास ताईला सिलिंडरवर ठेवलं. काका माझ्याशी बोलत नाहीत, नुसता आकडा सांगतात. काकू बोलतात. आज म्हणाल्या, मावशी, तुमच्या हातात माझ्या लेकीचा श्वास आहे हो. इतकं गोड म्हणाल्या, की मी मान खाली घालून फडकं पिळत राहिले.

७ मार्च, शनिवार

टँकरच्या दिवशी दहाच्या आतच शिडी लावतात, आकडा आला नाही तरी. आज हे ध्यानात आलं.

टँकरवाला पाइप सोडत होता, तेव्हा काकू आत होत्या. मी त्याला आधीचीबद्दल विचारलं. तो म्हणाला, एका शनिवारी होती, पुढच्या शनिवारी नव्हती. गावाला गेली म्हणून सांगितलं त्याला. पण तिच्या सपाता शिडीच्या जागेपाशी तशाच पडल्या होत्या, म्हणाला, आणि काका हातात ब्रश घेऊन काचा धूत होते. म्हातारा या वयात वर चढलाय, याचंच त्याला कौतुक वाटलं होतं. अनवाणी कोण जातं हो गावाला, असं म्हणून तो हसला. मग माझ्या पायांकडे बघितलं आणि घाईनं पाइप गुंडाळायला लागला.

त्या सपाता मी काढून ठेवल्यात. आता अनवाणी जाते.

१० मार्च

ताईच्या केसांना तेल लावत होते. तिनं माझं मनगट धरलं आणि कानाशी तोंड आणून विचारलं, दुपारी वर कोण असतं. मी म्हटलं, दुपारी मी तुझ्याजवळ असते ना. ती म्हणाली, म्हणून तर विचारते. वर कुणीतरी कूस बदलतं, म्हणाली. जड माणूस अंथरुणात कूस बदलतं तसं. आणि आधीची होती तेव्हा शेवटच्या दिवशी तिनं पत्र्यावर खूप वेळ वाजवलं. ताईनं आईबाबांना सांगितलं, की तिला खाली घ्या. ते म्हणाले, तुझ्यासाठीच चाललंय. मग वाजायचं थांबलं आणि त्या रात्री बॅटऱ्या भरलेल्या होत्या.

हे सांगताना ताई रडत होती. रडताना तिला श्वास पुरत नाही. मी तिला रडू नको म्हटलं आणि मीच रडले.

३.२.

१३ मार्च

पानं सापडली.

सातव्या काचेच्या चौकटीला खालून पोकळ नळी आहे, तिच्यात गुंडाळी करून कोंबलेली. माझ्याच वहीची फाडलेली पानं. आकडे, आकडे, आकडे. ४.८ शिडी नाही. ४.७ शिडी नाही, पाणी नाही. अक्षर वाकडं होत गेलंय. शेवटच्या पानावर तिनं लिहिलंय, की आज तीन वाजले तरी शिडी नाही, आता मी काचेवर आडवी होते. सावली पडली की आकडा पडेल. आकडा पडला की धावत येतील. मग बघू कोण आधी—

पुढे कोरं.

म्हणजे ती अजून आडवीच आहे. त्यांचा आकडा पाडत. १८ तारखेला त्यांनी मला पहिल्यांदा अडकवलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती येऊन निजली. माझ्या बाजूनं आली बिचारी! आणि तिच्यापायी माझा पाच येत नाही.

आज खाली आले ती दुपारी साडेतीनला. ओठ फुटलेत. उद्या टँकर. उद्या मी निघाले. भावजयीचे पाय धरीन, उंबऱ्यावर नाक घासीन, पण निघाले.

१४ मार्च, शनिवार

ट्रंक भरून फाटकात उभी होते. टँकरवाला म्हणाला, बसा पुढे.

काकूंनी अडवलं नाही. अडवलं असतं तर गेले असते. त्या म्हणाल्या, जा मावशी, तुमचा जीव महत्त्वाचा. फक्त ताई तुम्हाला बोलावतेय. आत गेले. पोरीचे ओठ निळे झालेले. सिलिंडर काल संपला, नवा सोमवारी येणार, त्यांनी आधीच ठरवून ठेवलेल्या नव्या बाईबरोबर. रोज दिवसभर मशीन नुसतं काचांच्या उजेडावर चालतंय. बॅटऱ्या भरत नाहीत, रात्री रडतरडत निघतात. ताई मला राहा म्हणाली नाही. मान हलवली, जा, जा म्हणून. तिच्या डोळ्यांत बघितलं आणि माझा पाय उचलेना.

एकच दिवस. उद्याचं एक धुणं, सोमवारी नवी बाई. काकूंनी माझे हात हातात घेतले, काकांनी पहिल्यांदा मला धन्यवाद म्हटलं, आणि उद्या दहाला काहीही आकडा असो, शिडी लावीन असं तोंडानं म्हणाले. टँकर गेला.

गाढवच मी. दुसरं काय.

१५ मार्च, रविवार. वर.

सव्वादहा. २.७. शिडी नाही.

काकांना म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता. ते म्हणाले, शब्द दिला तेव्हा आकडा इतका खाली जाईल हे माहीत नव्हतं.

अकरा. पिंपातलं पाणी संपलं. त्यांना खालून पंप लावायला सांगितलं. पंपाला वीज लागते, म्हणाले.

आज तिचं सगळं उमटलंय. कान, वेणीची गाठ, बोटं पसरलेला हात. तिच्या टाचा बघितल्या. अनवाणी.

बारा. काकूंनी बादली वर पाठवली. देवा, पाणी! धावत दोरी ओढली. आत घडी घातलेलं कोरडं फडकं. काकू खालून म्हणाल्या, थोडंसंच राहिलंय.

ओरडले. घसा फाटेपर्यंत ओरडले. समुद्र माझ्यापेक्षा जोरात ओरडतो. काच फोडावी म्हटलं, बुक्के मारले, हातच सुजले. धातूची वस्तू वर येऊ दिली नाही त्यांनी; ब्रश, बादली प्लास्टिकची, हातात साधी बांगडीसुद्धा नाही. दोरी कपडे वाळत घालायची, पोराचं वजन झेलणार नाही. खाली फरशी. दोन मजले.

ताईनं दोनदा वाजवलं. मी दोनदा वाजवलं.

दीड. पाय ठेवायला जागा नाही, फळी पण तापलीय. तळपायाला फोड आलेत. थुंकी नाही तोंडात. आकडा सांगायचं थांबवलंय त्यांनी, मीच हाक मारून विचारते. २.५.

तिचं चुकलं कुठे, याचा विचार करतेय. ती एकटी होती. ती खालच्या ओळीत निजली, एक ओळ बसली, वरची चालू राहिली. तेवढ्यावर त्यांनी वाट बघितली. तेवढ्यावर मशीन चालत होतं. एकीनं भागलं नाही.

दोघींनी भागेल.

वरची ओळ मोकळी आहे.

ताई. ताई, ऐकतेयस ना. मी तुझ्या केसांना तेल लावलंय, मी हे करणार नाही. नाही करणार.

अडीच. ते अंगणात सावलीत खुर्च्या टाकून बसलेत. काकू काकांना वारा घालताहेत. पाण्याचा तांब्या मधे. वर बघतच नाहीत.

ताई मला माफ कर

आडवी झाले. वरची ओळ, सातवी-आठवी. आई गं— पाठ सोलून निघतेय— हलायचं नाही. सावली हलली की आकडा चढतो. वही छातीवर धरून लिहितेय.

काका आत पळाले! ऐकलं मी. आकडा ओरडताहेत. १.४. ०.९.

या आता. लावा शिडी. लावा ना.

०.२. मशीन किंचाळायला लागलं. एकच लांब सूर. काकू आतून काहीतरी फुटल्यासारख्या ओरडताहेत, गोड आवाज गेला त्यांचा कुठे. बरं वाटलं मला. खरंच बरं वाटलं. देवा मी काय झालेय

ताईनं वाजवलं. दोनदा नाही. एकदाच.

मी वाजवलं नाही. हात उचलला तर सावली—

पुन्हा एकदा. हळू.

उठते. उठते मी, ताई, थांब. उठता येत नाही. पाठ काचेला— ओढलं तर सगळं सोलून—

आता वाजत नाही.

मशीनचा सूरही थांबला. इतकं शांत.

दोनदा वाजलं. खालून नाही. माझ्या पायाशी, खालच्या ओळीतून. टक टक. ती म्हणतेय ती बरी आहे.

आता पाठ भाजत नाही. गार वाटतंय. भर उन्हात.

शिडी! शिडी लागली! भिंतीला टेकल्याचा आवाज. काका चढताहेत. पाच न येता शिडी, काका! पाणी पण आणलंय, बादली दिसतेय, गोडं पाणी—

लांब दांड्याचा ब्रश आहे हातात.

मी हाक मारली. माझ्याकडे बघत नाहीत. काचेकडे बघताहेत. डोळे सुजलेत त्यांचे. वाकून काकूंना सांगताहेत, डाग सापडला म्हणून. वरच्या ओळीत. मोठा आहे, म्हणाले, पण निघेल.

ब्रश भिजवला. पायाकडून सुरू केलं. काका, तसं नाही, मागे-पुढे नाही घासायचं, तुम्ही लिहून घेतलं होतं ना, वरून खाली, एकाच दिशेनं, वरून—